सर्व्हर अपडेट झाला आणि इनबॉक्स रिकामा! मेल खरंच उडाले का?

समजा, गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटजवळ एक होमस्टे आहे. सफारीला येणारे पर्यटक मेलवर खोल्या बुक करतात. शुक्रवारी रात्री मेल सर्व्हर अपडेट होतो आणि शनिवारी पहाटे इनबॉक्स रिकामा! कोण येणार, कुणी ॲडव्हान्स दिलाय, काहीच कळेना.

मेल डिलीट झाले का? बहुतेक वेळा नाही. मेल जागेवरच असतात, नवं सॉफ्टवेअर त्यांना भलत्याच ठिकाणी शोधत असतं.

नेमकं काय होतं?

प्रत्येकाचे मेल सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये साठवलेले असतात. ते फोल्डर कुठे आहे, हे सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ही नोंद चुकली की गोंधळ सुरू.

ताजं उदाहरण डव्हकॉट या लोकप्रिय मेल सॉफ्टवेअरचं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचं २.४ व्हर्जन आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्समध्येही तेच आहे. पूर्वी मेलची जागा एकाच ओळीत लिहिली जायची, आता ती वेगवेगळ्या सेटिंगमध्ये लिहावी लागते. जुनी फाइल जशीच्या तशी चालत नाही. नव्याने लिहिताना जागा चुकली, तर दुसरीकडेच रिकामं फोल्डर तयार होऊ शकतं आणि नवे मेल तिथे जमू लागतात.

दुरुस्ती कशी होते?

आधी मेल सेवा थांबवायची, म्हणजे गोंधळ वाढत नाही. मग जुन्या आणि नव्या, दोन्ही फोल्डरचा बॅकअप घ्यायचा. त्यानंतर सेटिंगमध्ये योग्य जागा लिहायची. फाइल हलवल्याच, तर त्यांची मालकी आणि परवानग्या तपासायच्या, नाहीतर मेल असूनही दिसत नाहीत. मधल्या काळातले नवे मेल जुन्यांत मिसळायचे. एका खात्यावर सगळं तपासून मगच सेवा सुरू करायची. मेलची संख्या जुळेपर्यंत जुनं फोल्डर डिलीट करायचं नाही.

तुम्ही काय करायचं?

घाईघाईत मोबाइलमधून खातं काढू नका. फोन किंवा कॉम्प्युटरवर मेलची कॉपी शिल्लक असू शकते. खातं काढलं की तीही जाते. वेबमेल उघडून बघा आणि मेल कधीपासून दिसत नाहीत, ते सर्व्हर सांभाळणाऱ्याला कळवा.

हे फक्त छोट्या व्यावसायिकांपुरतं नाही. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल झोहोच्या प्लॅटफॉर्मवर गेल्याचं ऑक्टोबर २०२५ मध्ये समोर आलं. मेलचे पत्ते तेच राहिले, साठवण्याची जागा बदलली. पत्ता आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या अशा.

म्हणून पुढच्या अपडेटआधी सर्व्हरवाल्याला दोन प्रश्न विचारा: बॅकअप घेतलाय का? आणि तो परत उघडून पाहिलाय का?