वेगळा तवा

गुरुवारी दुपारी साडेतीनला प्रयोगशाळेतली माझी पाळी संपते. शिकागोत नोव्हेंबर लागला की घड्याळं तासभर मागे जातात आणि साडेचारलाच अंधारून येतं. बसमधून उतरून घराकडे चालताना कोपऱ्यावर विटांची एक जुनी इमारत लागते. तिच्या कपाळावर पृथ्वीचा गोल कोरलेला आहे, त्याला कमरपट्टा बांधावा तशी पट्टी. ही खूण मिलवॉकीच्या श्लिट्झ या बिअर कारखान्याची. एकोणिसावं शतक सरताना या कारखान्याने फक्त आपलीच बिअर विकणारे बार शिकागोत जागोजागी बांधले. 1920 साली देशभर दारूबंदी आली, 1933 साली उठली. यातल्या काही इमारती अजून उभ्या आहेत आणि आमच्या कोपऱ्यावरच्या इमारतीत आजही बारच आहे.

चार ते सहा तिथे हॅपी अवर. बर्गर, बटाट्याचे तळलेले काप आणि एक ग्लास बिअर, मिळून बारा डॉलर. त्या वेळी येणारी माणसं बहुतेक माझ्यासारखीच, पहाटे कामाला गेलेली. एक निवृत्त पोस्टमन, दोन नर्स, बस चालवणारी एक बाई. पोस्टमन बिअरबरोबर मालोर्टचा एक छोटा पेला घेतो. कार्ल जेप्सन नावाच्या स्वीडिश स्थलांतरिताने या शहरात विकायला सुरुवात केलेली ही दारू काडेचिराईताच्या काढ्याइतकी कडू. मी एकदाच चाखली.

इलिनॉय राज्यात 1989 पासून हॅपी अवरला बंदी होती, ती 2015 साली उठली. पण अटी घालून. दिवसाला जास्तीत जास्त चार तास, आठवड्याला पंधरा तास, रात्री दहानंतर सवलत नाही. एकावर एक फुकट द्यायला आजही मनाई. मला हा कायदा शहाणा वाटतो. पेला स्वस्त करा, पण कुणाला घाईघाईने दुसरा रिचवायला लावू नका, एवढंच तो सांगतो.

मला हे महत्त्वाचं वाटतं, त्याला कारण आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावात वाढले, तिथे दारूचं दुकान म्हणजे पडद्याआडचा अंधार होता. माझ्या चुलत्यांची दोन एकर जमीन त्या पडद्याआड गेली. पुढे गावातल्या बायकांनी मतदान मागून घेतलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहावं असं वाटत असेल तर उभीवर शिक्का, बंद व्हावं असं वाटत असेल तर आडवीवर. आई नवं लुगडं नेसून गेली होती. आडवी बाटली जिंकली, आणि त्या रात्री आमच्या आळीत पुरणपोळ्या झाल्या.

शिकागोतही एखाद्या मतदान केंद्राच्या हद्दीतले लोक मत देऊन आपल्या भागातली दारूविक्री बंद करू शकतात. हे कळलं तेव्हा मी या बारकडे नव्याने पाहिलं. शेजाऱ्यांना नको झालं तर हे दार बंद होऊ शकतं, आणि शेजारीच आत बसलेले आहेत. रस्त्याकडची काच मोठी आहे. फुटपाथवरून जाणाऱ्याला प्रत्येक चेहरा दिसतो. कुणी तिसरा ग्लास मागितला तर काउंटरमागची बाई आधी पाणी पुढे ठेवते आणि घरी कसा जाणार ते विचारते. माझे चुलते बसायचे त्या बाकड्यावर हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नाही.

मी गोमांस खात नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा काळ्या घेवड्याची टिक्की मागवली आणि भीत भीत विचारलं, ती त्याच तव्यावर भाजणार का? स्वयंपाकी मेक्सिकोहून आलेला. तो काही बोलला नाही. खालच्या फळीवरून त्याने बिडाचा छोटा तवा काढला, घासला आणि बाजूच्या शेगडीवर ठेवला. त्या दिवसापासून मी दारातून आत शिरले की तो तवा चढतो. टिक्कीच्या कडा कुरकुरीत, आत मऊ. वर तांबूस होईपर्यंत परतलेला कांदा, शिरक्यातल्या काकडीच्या चकत्या, लोण्यावर शेकलेला बन. पहिला घास घेताना हात पुरत नाहीत.

बिल बारा डॉलरचं आलं तरी टिप मी मूळच्या अठरा डॉलरवर देते. इथे वाढणाऱ्यांच्या घरखर्चाचा मोठा भाग टिपांवर चालतो, आणि किंमत उतरली म्हणून त्यांचं काम उतरत नाही. माझ्या ओळखीतले बरेच आपले लोक सवलतीच्या रकमेवर हिशेब करतात. ते मला पटत नाही.

थंडीच्या दिवसांत इथे साडेपाच वाजतात तेव्हा साताऱ्याकडे पहाटेचे पाच. आई उठलेली असते, फोन करते. बरेच महिने मी बाहेर जाऊन बोलायचे, मागचे आवाज तिला ऐकू जाऊ नयेत म्हणून. मागच्या हिवाळ्यात उणे पंधरा तापमानात बाहेर उभं राहवेना. आत बसूनच सांगितलं, आई, मी बारमध्ये आहे. ती गप्प झाली. मग मी तिला काचेचं सांगितलं, पाण्याच्या ग्लासाचं सांगितलं, तव्याचं सांगितलं.

“रोज घासतो?” तिने विचारलं.

“मी येते तेव्हा घासतो.”

“आणि त्याची आई कुठे असते?”

मला माहीत नव्हतं. पुढच्या गुरुवारी विचारलं. ओआहाकाला असते, गुडघे दुखतात. आता आई दर आठवड्याला त्या गुडघ्यांची चौकशी करते, आणि तीळ गरम करून शेकायला सांग म्हणते. मी सांगते. तो तवा उतरवता उतरवता ऐकतो.