गाठ आणि तिची उधारी

दुकानातील माल डोळ्यांना दिसतो. गावोगावी पसरलेली उधारी मात्र वहीतच सापडते, हे चुन्याच्या भट्ट्यांच्या राजूरमधील व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. मेंदूतील ग्लायोमा या गाठीचेही तसेच आहे. कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये पुष्कळदा गाठीचा मुख्य भाग उजळून दिसतो. परंतु तिच्या पेशी मेंदूतील तंतूंच्या वाटांनी त्या कडेपलीकडे गेलेल्या असतात. १९९४ साली पीटर बॅसर व सहकाऱ्यांनी मांडलेली ‘डिफ्यूजन टेन्सर’ पद्धती पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते. पाणी तंतूंच्या दिशेने सहज सरकते. त्यावरून तंतूंचा नकाशा तयार होतो व ते कोठे बाजूस सारले गेले, कोठे विस्कटले, याचा अंदाज येतो. वाचा आणि हातापायांची शक्ती राखून गाठ किती काढावी, हे ठरविण्यास त्याचे साहाय्य होते. तथापि विखुरलेली प्रत्येक पेशी हा नकाशाही दाखवीत नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर बहुधा किरणोपचार द्यावे लागतात. रुग्णास नागपूर-मुंबईस नेताना कुटुंबाने जुन्या सर्व फिल्म सोबत न्याव्यात आणि ‘गाठ केवढी?’ याबरोबरच ‘ती कोणत्या वाटेवर आहे?’ हेही डॉक्टरांना विचारावे. उधारी वगळून मांडलेला ताळेबंद कोणताही व्यापारी खरा मानीत नाही.