न सांगता दारू सोडवणारा डबा

विजेच्या खांबावर चिकटवलेली ती जाहिरात कळमनुरीत कुणी पाहिली नाही, असं होणार नाही. 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा.' आता तीच मोबाइलवर आलीय. पुडीच्या जागी चकचकीत डबा, आणि नाव 'सप्लिमेंट'. दारूची तलफ, गुटख्याची तलफ, सगळं एका चमच्यात बंद म्हणे!

मंडळी, डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. सप्लिमेंट म्हणून विकायचं तर त्यावर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक लागतो. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे, औषधाचा नाही. 'औषधी वापरासाठी नाही' असंही छापावंच लागतं. पुढच्या बाजूला दारू सोडवतो, मागच्या बाजूला औषधच नाही. मग हे आहे तरी काय राव?

सप्लिमेंट सगळी फुकट, असं माझं म्हणणं नाही. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कमी पडतं. मेंदूला इजा होऊ नये म्हणून डॉक्टर ते देतात. पण त्यानं तलफ जात नाही. अंगातली तूट भरणं वेगळं, सवय मोडणं वेगळं.

चहात, भाजीत गुपचूप कालवणं तर सगळ्यात घातक. डायसल्फिराम नावाची गोळी आहे. ती चालू असताना दारू घेतली की उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावरही बेततं. म्हणून ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर, पिणाऱ्याला सांगूनच द्यायची असते. बिनलेबलच्या पुडीत काय आहे, हे घरच्या बाईला कोण सांगणार? रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो. तेव्हा दवाखाना लागतो, चूर्ण नाही.

आणि पैसे जातात ते बहुतेक त्या बाईचेच. हळद काढायला जाऊन आणलेली मजुरी.

तंबाखूसाठी निकोटिनची चघळायची गोळी मेडिकलवर मिळते, तिचा उपयोग सिद्ध झालाय. तंबाखू सोडायला 1800-11-2356 आणि दारूसाठी 14446, दोन्ही फोन फुकट आहेत. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून लोकांची व्यसनं सोडवतंय. तिथं माणसाशी बोलतात, घरच्यांनाही सोबत घेतात. गुपचूप काही नाही. (गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. टपरीवर मागून बघा, मिळतो का नाही ते.)

कुणी असा डबा किंवा पुडी घेतली असेल तर लेबलचा आणि बिलाचा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. नाव कुठंही येणार नाही. सगळे एकत्र करून अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार देतो.