उस्मान सेम्बेन आपल्या टोळीतला

फिल्म सोसायटीत परदेशी सिनेमांचा आठवडा झाला. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. म्हणे हे पांढरपेशांचे चोचले, झोळीवाल्यांची जत्रा, आपल्याला काय करायचंय फ्रेंच न् इटालियन? मी सातही दिवस गेलो. पाळी सुटली की तसाच, अंगावरच्या सिमेंटच्या धुळीसकट. आणि आता भांडायला बसलोय. निम्मं भांडण सोसायटीवाल्यांशी, निम्मं तुमच्याशी.

सोसायटीवाल्यांचा धंदा जुना आहे. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता या मंडळींनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली, १९५९ साली देशभरच्या सोसायट्यांचं फेडरेशन झालं. त्याआधी १९५२ साली मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, त्यात डी सिकाचा 'बायसिकल थीव्हज' दाखवला गेला आणि पुढच्याच साली बिमल रॉयचा 'दो बिघा जमीन' आला. रोममधला सायकल चोरीला गेलेला बाप्या बघून आपल्याकडे कलकत्त्याचा रिक्षा ओढणारा शेतकरी पडद्यावर येतो, हे मी कसं नाकारू? पण तो पडद्यावर आला, खुर्चीवर नाही आला. सात दिवस मी हॉलमधल्या खुर्च्या बघत होतो. हातावर घट्टे असलेला दुसरा माणूस म्हणजे खेळ संपल्यावर झाडू मारायला येणारा.

तिसऱ्या दिवशी एलिया कझानचा १९५४ सालचा 'ऑन द वॉटरफ्रंट' होता. न्यूयॉर्कच्या समोरच्या काठावरची होबोकेनची गोदी. सकाळी कामगार जमतात, मुकादम कामाचे बिल्ले वाटतो, मग कंटाळून उरलेले बिल्ले सरळ भुईवर फेकतो. बापये एकमेकांच्या उरावर पडून बिल्ले वेचतात. सीन अस्सल आहे. आता बिल्ल्याच्या जागी कंत्राटदाराच्या माणसाचा फोन येतो, किंवा येत नाही, एवढाच फरक. पण पुढे सिनेमा कडू लागतो. युनियन म्हणजे सगळी गुंडांची, आणि हिरो कोण, तर चौकशीपुढे साक्ष देणारा. कझानने स्वतः १९५२ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे जुन्या कम्युनिस्ट सोबत्यांची नावं सांगितली होती, हे माहीत असलं की ब्रँडोला टाळी देताना हात मधेच थांबतो. गोदी पडद्यावर आली म्हणजे ती गोदीवाल्याच्या बाजूने आली असं धरून चालू नका.

पाचव्या दिवशी सेम्बेन आला. दोस्तहो, या माणसासाठी मी हा लेख लिहितोय.

उस्मान सेम्बेन, जन्म १९२३, सेनेगलमधलं झिगुइंशोर. बाप मच्छीमार. शाळेत हेडमास्तरशी मारामारी, शाळा सुटली. गवंडीकाम केलं, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंचांच्या फौजेत बंदूक धरली, आणि लढाई संपल्यावर त्याच फ्रेंचांच्या मार्सेय बंदरात हमाली केली. तिथल्या लाल बावट्याच्या युनियनमधे होता. व्हिएतनामवर पाठवायची हत्यारं बोटीवर चढवणार नाही म्हणून मार्सेयच्या गोदीवाल्यांनी १९५० साली काम बंद ठेवलं, त्या दिवसांतला हा कामगार. माल उतरवताना पाठ जायबंदी झाली. पडल्या पडल्या युनियनच्या लायब्ररीतली पुस्तकं वाचली. १९५६ साली पहिली कादंबरी छापली. तिच्या नावाचा अर्थच 'काळा गोदी कामगार'.

बोला, हा माणूस तुमच्या-माझ्या टोळीतला आहे की नाही?

१९६० साली सेनेगल स्वतंत्र झाला. सेम्बेन परत गेला आणि त्याला दिसलं, आपली पुस्तकं फ्रेंचमधे, आपल्या माणसांना अक्षरओळख नाही. आपण लिहितो कुणासाठी? चाळिशीला टेकलेला हा बाप्या १९६२ साली मॉस्कोला गेला आणि कॅमेरा शिकला. फ्रेंचांनी १९३४ साली हुकूम काढून आफ्रिकेतल्या वसाहतींत परवानगीशिवाय चित्रीकरण करायला बंदी घातली होती. काळ्या माणसाला ती परवानगी मिळायची नाही. कॅमेरा धरणंच जिथे गुन्ह्यासारखं होतं, तिथे १९६३ साली त्याने 'बोरोम सारेत' काढला. वीस मिनिटांचा. डाकारमधल्या घोडागाडीवाल्याचा एक दिवस. गिऱ्हाइकं पैसे देत नाहीत. एक बाप मेलेलं लेकरू घेऊन गाडीत बसतो, कबरस्तानात कागद बरोबर नाहीत म्हणून त्याला अडवतात. गाडीवाल्याच्या वाडवडलांची थोरवी गाणारा एक गायक भेटतो, आणि हा फुगून सकाळपासूनची कमाई त्याच्या हातात ठेवतो. (आपल्या जयंतीच्या मंडपात मला हे दोघेही दरसाल दिसतात.) मग एक सुटाबुटातला काळा साहेब त्याला साहेबी वस्तीत नेतो. तिथे घोडागाडीला मनाई. पोलीस गाडी जप्त करतो. लढाईत मिळालेलं मेडल खाली पडतं, त्यावर पोलिसाचा बूट पडतो. साहेब पैसे न देताच पसार. गोरा गेला, बूट राहिला. मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

नंतर १९६६ सालचा 'ब्लॅक गर्ल'. डाकारमधे बाया काम मिळेल म्हणून रस्त्याच्या कडेला बसलेल्या, अगदी आपल्या नाक्यासारख्या. गोरी मॅडम येते, सगळ्या तिच्या अंगावर धावतात, दियुआना जागची हलत नाही. मॅडम तिलाच उचलते. मुलं सांभाळायला म्हणून फ्रान्सला नेते आणि तिथे भांडी, फरशी, स्वैपाक. एक पाहुणा उठून तिचा मुका घेतो, काळ्या बाईचा मुका कधी घेतला नव्हता म्हणून. आईचं पत्र येतं. पोरीला वाचता येत नाही. मालक वाचून दाखवतो आणि तिला न विचारताच तिच्या वतीने उत्तर लिहायला बसतो. ती पत्र फाडून टाकते. मी मॅट्रिक झालेला. वस्तीतले लोक अर्ज, फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात. दुसऱ्याच्या वतीने लिहिणं म्हणजे काय असतं ते माझ्या बोटांना माहीत आहे. त्या सीनला माझा घसा कोरडा पडला. शेवटी दियुआना मालकाच्या न्हाणीघरात जीव देते. मालक तिची बॅग आणि पगार घेऊन डाकारला तिच्या आईकडे जातो. आई पैशाला हात लावत नाही.

खेळ संपल्यावर चर्चा झाली. एक सर लाकडी मुखवट्याच्या प्रतीकावर बोलले, मग क्लोजअपवर बोलले. एका बाईंना आफ्रिकन स्त्रीच्या दुःखाने भरून आलं होतं. खोटं नव्हतं, डोळे ओले होते. मी हात वर केला. म्हटलं, इथे बसलेल्या किती जणांच्या घरी मोलकरणीची कपबशी वेगळी आहे? माझी आई अशाच एका इमारतीत धुणीभांडी करते, तिची कपबशी मोरीजवळच्या फळीवर असते, नोकरांच्या लिफ्टने वर जाते. सगळे चूप. मग संयोजक म्हणाले, आपण सिनेमाच्या कक्षेत राहू या.

कक्षा! मी तर कक्षेतच होतो. सेम्बेनने दुसरं काय दाखवलं होतं?

आता तुमचं भांडण. तुम्ही म्हणता, बघा, म्हणूनच जायचं नाही त्यांच्यात. म्हणजे सेम्बेन त्यांच्याकडे ठेवून यायचा? गोदीवाल्याने काढलेला सिनेमा प्राध्यापकांनी बघायचा आणि गोदीवाल्याने तोंड फिरवायचं, हा कुठला विद्रोह? आणि आपण काय करतो? कविता लिहितो. मीही लिहितो. आपल्या किती जणांच्या आया हे मासिक वाचतात? माझी आई अंगठा लावते. माझ्या कवितेत ती नऊ वेळा आली आहे, तिने एकदाही वाचलेली नाही. सेम्बेनला हाच प्रश्न चावला. त्याने लिहिणं सोडलं नाही, पण सिनेमाला तो रात्रशाळा म्हणायचा. रात्रशाळा हा शब्द मुंबईच्या कामगाराला काय उलगडून सांगायचा? १९६८ साली त्याने 'मांडाबी' काढला, तोही लोकांच्या वोलोफ भाषेत. मांडाबी म्हणजे मनीऑर्डर. पॅरिसात रस्ते झाडणारा भाचा मनीऑर्डर धाडतो, इथे मामाकडे ओळखपत्र नाही, ओळखपत्राला जन्मदाखला पाहिजे, आणि हेलपाट्यांत सगळ्यांनी ओरबाडून शेवटी पैसे गायब. जातीच्या दाखल्यासाठी तहसील ऑफिसात उभा राहिलेला कोणताही पोरगा हा सिनेमा डोळे मिटून सांगेल.

जाता जाता एक गंमत. १९७७ सालचा त्याचा 'सेद्दो' सेनेगलमधे बंद पाडला. सरकारी कारण काय, तर नावात एक 'द' जास्त. सरकारी नियमाप्रमाणे एकच पाहिजे. राष्ट्राध्यक्ष कोण, तर सेंघोर, काळेपणाचा अभिमान गाणारा जगप्रसिद्ध कवी. आपल्या कवितांना शुद्धलेखनाची फूटपट्टी लावणाऱ्यांना हे जरूर सांगा. आणि आपल्यातला कवी खुर्चीवर बसला की काय करतो तेही.

वस्तीत सिनेमा नेणं नवीन नाही. १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारावरून सुरू झालेला आनंद पटवर्धनांचा २०११ सालचा 'जय भीम कॉम्रेड' वस्त्यांमधून दाखवला गेला, माणसं उघड्यावर बसून तीन तास हलली नाहीत. तर मग 'बोरोम सारेत' का नको? वीस मिनिटं फक्त. फ्रेंच कळत नाही ही अडचण मोठी नाही. बरंचसं गाडीवाल्याच्या मनातलं बोलणं आहे, कुणीतरी शाहीर माइक घेऊन पडद्याच्या बाजूला उभा राहिला आणि गाडीवाल्याच्या तोंडचं आपल्या बोलीत सांगत गेला की झालं. घोड्याला टाच मारली की हलगी.

समाजमंदिराच्या मागची भिंत रंगवायची आहे, ती रंगवेपर्यंत चादर लावू. प्रोजेक्टर कॉलेजातल्या पोरांनी बघावा. चादर मी आणतो. शाहीर कोण होणार ते या महिन्यात कळवा, मला पाळी बदलून घ्यावी लागेल.