ही जागा कुणाची?

वस्तीलगत रस्त्याकडेला कचरा, झुडपे, तुंबलेले पाणी. महापालिका म्हणते, ‘जागा बांधकाम खात्याची’. बांधकाम खाते म्हणते, ‘कलेक्टरची’. तिथे गरिबाने झोपडी घातली, की मालक बुलडोझर घेऊन हजर!

बांधवांनो, बेवारस जागा कायद्यात नाहीच. जमीन महसूल संहिता 1966, कलम 20: जी जमीन कुणाचीच नाही, ती सरकारची. महापालिका हद्दीतले सार्वजनिक रस्ते, सरकारकडचे वगळता, 1949 च्या अधिनियमाच्या कलम 202 प्रमाणे महापालिकेकडे निहित. सिटी सर्व्हे ऑफिसातून नकाशा आणि मिळकत पत्रिकेची नक्कल काढा. मग दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज: देखभाल कुणाकडे, खर्च किती? ‘आमच्याकडे नाही’ म्हणून अर्ज परत करता येत नाही. 2005 च्या कायद्याचे कलम 6(3) सांगते, पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवा. पोच मात्र घ्याच.