गाणे गाजले, गाणारी कोण?

पेण, हमरापूर, जोहे या टापूतून दर वर्षी लाखो गणेशमूर्ती बाहेर पडतात. त्यांपैकी कित्येक कच्च्या, म्हणजे रंग न दिलेल्या अवस्थेतच मुंबई-पुण्याकडे रवाना होतात; तेथील विक्रेता त्यांना रंग देतो, डोळे आखून घेतो आणि भाव ठरवतो. मूर्तीमागे कारखानदाराला किती सुटते आणि विक्रेत्याला किती, हा वाद जुनाच आहे. तथापि एक गोष्ट पेणकरांनी पदरात पाडून घेतली आहे. मूर्ती कोठेही विकली जावो, ती ‘पेणचा गणपती’ म्हणूनच विकली जाते. ज्या मूर्तीने पेण पाहिलेले नाही तीही त्या नावावर खपवली जाते. चोरावेसे वाटावे इतके ते नाव मोलाचे झाले आहे.

याच पेण तालुक्यातून आणि शेजारच्या रोह्यातून दुसराही एक माल बाहेर पडतो आणि त्याची स्थिती नेमकी उलट आहे. हळदीच्या मांडवातील गाणी, कोळीगीते, आगरी लग्नांतले धवले, भजनाच्या बाऱ्या यांचे पीक या खाडीपट्ट्यात भाताइतकेच अमाप येते. पूर्वी ते गावच्या वेशीशी थांबत असे. कॅसेट आली आणि कोळीगीतांचा स्वतंत्र बाजार उभा राहिला. वेसावकर मंडळींची गाणी दर्या न पाहिलेल्या गावांतही लग्नाच्या वरातीत वाजू लागली. २०१६ नंतर फोनवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि वेस म्हणून काही उरलेच नाही. आज आगरी-कोळी बोलीतले एखादे हळदीचे गाणे फोनवर लाखोंनी, क्वचित कोटींनी पाहिले जाते. परंतु ते कोणी रचले, चाल कोणाची, ढोलकीवर कोण होता, असे विचारले तर दहांपैकी नऊ ऐकणारे फोनवर दिसेल ते सांगतील आणि फोनवर बहुधा एका कंपनीचे नाव असेल किंवा ‘पारंपरिक’ असा एक शब्द असेल.

संगीतात काही करू पाहणाऱ्या तरुणाला आज जो तो एकच उपदेश करतो: प्रसिद्धी करा. रोज काही तरी टाकत राहा, गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा कापा, तो नाचणाऱ्यांच्या हाती द्या, मग बघा. उपदेश चूक नाही. पण तो अर्धाच आहे, आणि अर्धा उपदेश गैरसमजाला कारण होतो. गाणे पसरवणे ही आजची अडचण राहिलेलीच नाही. पेणच्या एखाद्या खोलीत संगणकावर मुद्रित केलेले गाणे संध्याकाळपर्यंत दुबईत ऐकता येते. अडचण अशी की गाणे जितके वेगाने पसरते तितक्याच वेगाने कर्त्यापासून तुटते. आणि एकदा तुटले की प्रसिद्धी होते ती गाण्याची, कर्त्याची नव्हे.

प्रथम पैशाचा हिशेब पाहू, कारण त्याबद्दल भाबड्या कल्पना पुष्कळ आहेत. पेणमधील एखाद्या श्रोत्याने महिन्याची वर्गणी भरली आणि महिनाभर फक्त आपल्या गावच्या गायकाची गाणी ऐकली, तर ती वर्गणी त्या गायकाला मिळेल असे कोणालाही वाटेल. सर्वसाधारण पद्धत तशी नाही. सर्व वर्गण्या आणि जाहिरातींचे उत्पन्न एका राशीत जमा होते, देशभरात गाणी किती वेळा वाजली याची बेरीज होते आणि त्या प्रमाणात रास वाटली जाते. म्हणजे पेणकराची वर्गणी प्रामुख्याने ज्यांची गाणी देशात सर्वाधिक वाजतात त्यांच्याकडे जाते. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायने असा नियम केला की जे गाणे मागील बारा महिन्यांत हजार वेळा वाजले नाही, त्याच्या मुद्रणाचा पैसा त्या राशीतून निघणारच नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा हवा असेल तर प्रथम हजार वर्गणीदार आणि वर्षाला चार हजार तासांचे पाहणे, किंवा छोट्या तुकड्यांचे तितकेच मोठे आकडे, असा उंबरठा आहे. रोह्याच्या भजनीबुवाने हा उंबरठा ओलांडू नये असे नाही. पण बहुतेकांचे पोट हळदीच्या आणि जत्रेच्या सुपाऱ्यांवरच चालणार, आणि फोनवरचे गाणे हे त्या सुपारीचे निमंत्रणपत्र ठरणार, हे ध्यानात ठेवलेले बरे. कॅसेटच्या काळीही असेच होते. मात्र निमंत्रणपत्रावर नाव नसेल तर सुपारी कोणाच्या दारी जाणार?

येथे ‘पारंपरिक’ या शब्दाचा विचार करावा लागतो. हा शब्द मोठा आदराचा आहे आणि तितकाच सोयीचाही. आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण असते. मांडव, हळद, तेलवण, प्रत्येक विधीचा धवला निराळा. तो तिला तोंडपाठ असतो, आणि एके काळी धवलारणीवाचून या समाजात लग्न लागत नसे. महानुभाव पंथातील महदंबेने तेराव्या शतकात रचलेले धवळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आरंभीच्या पानांवर आहेत. खाडीकाठच्या धवलारणीची परंपरा त्याच कुळीची आहे. ज्या स्त्रीने शाळेचे तोंड पाहिले नाही तिने सातशे वर्षांचा छंद कंठात सांभाळला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तिला मिळते काय? साडीचोळी, नारळ, तांदूळ आणि वर काही दक्षिणा. आता तिच्या धवल्याचे फोनवर मुद्रण होते, त्यातला एक तुकडा उचलून त्यावर यांत्रिक ठेका चढवला जातो, आणि जे गाणे तयार होते त्यावर ठेका चढवणाऱ्याचे नाव संगीतकार म्हणून झळकते. धवलारीण ‘पारंपरिक’ होते. परंपरा मानधन मागत नाही, हा तिचा व्यापारी दृष्ट्या सर्वांत मोठा गुण होय!

लोकगीत सर्वांचे असते, त्याला नाव लावणे हाच लोकपरंपरेचा द्रोह होय, असे काही विद्वान म्हणतील. वस्तुतः आपली परंपरा असे काही सांगत नाही. तुकोबांच्या, नामदेवांच्या, जनाबाईंच्या अभंगांत अखेरीस त्यांचे नाव येते. शाहीर तर शेवटच्या कडव्यात स्वतःचेच नव्हे, तर गुरूचे आणि साथीदाराचेही नाव गुंफत. हेतू हा की फड कोठेही उभा राहो, कवन कोणाचे ते ऐकणाऱ्याला कळावे. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, तेव्हा ही नाममुद्रा हाच कर्त्याचा दस्तऐवज होता. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानने ध्वनिमुद्रिकेसाठी गाणे गायिले आणि शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारले. पुष्कळांना ती तिची ऐट वाटते. कारण व्यवहाराचे होते: तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तेथील कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवायचे ते कळावे लागे. आज गाण्याच्या फाइलीला जोडली जाणारी माहिती, म्हणजे गायिका, कवी, संगीतकार, वादक, मुद्रणाचे वर्ष, हीच ती नाममुद्रा. ती भरण्याच्या रकान्यांना आपले तरुण कंटाळतात आणि सरळ ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होतात.

कायदा या बाबतीत मागे आहे, अशी तक्रार आता करता येणार नाही. १९५७ च्या मूळ कायद्यात गायकाला जागाच नव्हती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताच्या खटल्यात निर्मात्यांच्या बाजूने कौल दिला, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी पुरवणी जोडून याच उणिवेकडे संसदेचे लक्ष वेधले होते. संसदेला ते ऐकू येण्यास सतरा वर्षे लागली. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंताला हक्क मिळाला. २०१२ मध्ये, राज्यसभेत जावेद अख्तर यांच्यासारखे कवी बसलेले असताना, आणखी मोठी दुरुस्ती झाली. तीनुसार चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताचा कवी आणि संगीतकार आपले मानधन, म्हणजे रॉयल्टी, सोडून देऊ शकत नाही. वारस किंवा हक्कसंस्था यांखेरीज कोणाच्या नावे तसे लिहून दिले तरी ते निरर्थक ठरते. गायकाला, आणि या व्याख्येत लग्नात गाणारी धवलारीणही येते, सादरकर्ता म्हणून आपले नाव लावून घेण्याचा हक्क आहे. घरच्या आठवणीसाठी तिचे मुद्रण करणे निराळे; ते बाजारात आणायचे तर तिची संमती लागते. गाण्याला जोडलेली हक्कविषयक माहिती जाणूनबुजून पुसणे हा गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. धवल्याच्या शब्दांवर आणि चालीवर आज कोणाचीच मालकी नसेल. पण तिच्या कंठातून निघालेले ते विशिष्ट गायन पन्नास वर्षे तिचे आहे.

एवढे असून व्यवहार मात्र जुनाच चालतो. चार ओळींचा कागद पुढे येतो, ‘सर्व हक्क कायमचे’ असे त्यावर लिहिलेले असते, काही हजार रुपये हाती पडतात, आणि पहिलेच गाणे निघते आहे या आनंदात सही होते. त्या तरुणाला दोष देववत नाही. परंतु हक्क हस्तांतरित करण्याचा करार लेखीच हवा, त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच धरतो, एवढे त्याला सही करण्यापूर्वी कोणी सांगितले तर? कवी आणि संगीतकार यांचा पैसा मुद्रणाच्या पैशाहून वेगळा असतो आणि तो १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीमार्फत जमा होतो. तिची नोंदणी २०१७ मध्ये नव्याने झाली. जो सदस्य नाही, किंवा ज्याने आपली गाणी नोंदवलेली नाहीत, त्याचे गाणे रेडिओवर वाजो की उपाहारगृहात, त्याला त्या पैशातला वाटा मिळण्याचा मार्ग नाही. ध्वनिमुद्रणाला एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, मोटारीच्या क्रमांकासारखा. तो पडलेला नसेल तर गाण्याचा माग काढणे दुरापास्त होते. मोटार घेणारा पहिल्या दिवशी क्रमांक घेतो. गाणे करणारा तो घेत नाही, कारण गाणे म्हणजे मालमत्ता हे त्याच्या घरात कोणीच कधी म्हटलेले नसते.

रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते, आणि तिचे चित्रण दर वर्षी असंख्य फोनांतून जगभर जाते. मानवंदनेचा तपशील त्याखाली आवर्जून लिहिलेला असतो. पालखीपुढे जीव तोडून वाजवणाऱ्या वाजंत्र्यांचे गाव तरी त्यात लिहावे, असे चित्रण करणाऱ्याला सुचत नाही. येथे कोणी कंपनी लुबाडते आहे असे नाही. नाव न लिहिण्याची ही सवय आपली स्वतःची, घरची आहे.

ती मोडता येते याचा दाखला घाटापलीकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे, आणि त्या तीन हजारांहून अधिक बायकांनी सांगितलेल्या आहेत. या कामाचे मोल संख्येत जितके आहे त्याहून अधिक एका साध्या शिस्तीत आहे: ओवीबरोबर ती सांगणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले. आज इंटरनेटवर ती ओवी ऐकताना ती कोणाची हे कळते. जात्यावरची ओवी धवल्याहून कमी ‘पारंपरिक’ आहे काय?

पेण आणि रोह्याला हे काम करायचे तर अकादमी उभारावी लागत नाही की मंत्र्यांच्या हस्ते कोनशिला बसवावी लागत नाही. सार्वजनिक वाचनालयांनी एक वही घालावी. तालुक्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावे, त्यांची गाणी, ती कोणाकडून घेतली, कोठे मुद्रित झाली, असे रकाने त्यात असावेत. आणि महिन्यातून एक दिवस एखाद्या वकिलाने तेथे बसून कराराचे कागद फुकट वाचून द्यावेत. पेणला कारखान्यांचे हिशेब तपासणारी माणसे आहेत, रोह्याला औद्योगिक वसाहतीचे करार वाचणारी आहेत. गाण्याचा करार त्यांना अवघड जाऊ नये. ज्येष्ठ कलावंतांना शासन मानधन देते, पण त्यासाठी कलेतील कामाचे पुरावे मागते. आयुष्यभर मांडवात गायिलेल्या बाईजवळ पुरावा कोठला असणार? ही वही तिच्या उपयोगी पडेल.

आणि हळदीच्या गाण्यांचे चित्रण करून ती आपल्या नावे चढवणाऱ्या तरुणांनी, जे बहुतेक याच गावांतले आहेत आणि ज्यांच्या आज्यांनी हे धवले गायिलेले आहेत, तो रकाना भरताना ‘पारंपरिक’च्या पुढे आणखी चार शब्द लिहावेत: गायिकेचे नाव, आडनाव, गाव, तालुका. तुळशीची लग्ने लागली की मांडव पडू लागतील. ज्या धवलारणी आज साठी-सत्तरीच्या घरात आहेत त्यांना गाठण्यास तेवढाच अवधी आहे.