सायकल त्यांची, गाडीत तुम्ही

गेल्या आठवड्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. यजमान सेहेचाळीस वर्षांचे, बँकेत नोकरीला. पुणे ते गोवा सायकल शर्यतीत त्यांनी नाव घातले आहे आणि सोबतच्या गाडीत बाई स्वतः बसणार आहेत. ‘बरोबर कोणती औषधे घ्यावीत, त्याची यादी द्यावी,’ एवढीच त्यांची मागणी. यादी लहान आहे, ती शेवटी देतेच. पण त्या गाडीत मी स्वतः एक रात्र काढलेली आहे, तेव्हा यादीच्या आधी थोडे बोलावे म्हणते.

लांब पल्ल्याच्या सायकलचे वेड आपल्याकडे चांगलेच रुजले आहे. २०१५ साली नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी दोघांच्या संघात अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने पूर्ण केली. त्या शर्यतीला पात्र ठरण्याची एक वाट म्हणजे ही आपली पुणे-गोवा, डेक्कन क्लिफहँगर. अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर, मध्ये घाट, आणि एकट्याने उतरणाऱ्याला झोप जवळजवळ नाहीच. म्हणून मागे गाडी लागते. गाडीतल्यांनी खायला-प्यायला द्यायचे, रस्ता सांगायचा, रात्री दिव्यांच्या उजेडात सायकलच्या मागे राहायचे.

आमच्या ह्यांनी २०१९ साली, हिवाळ्याच्या तोंडाशी, ही शर्यत धरली. गाडीत तिघे. चालवायला भाचा, नोंदवही सांभाळायला ह्यांचे मित्र (शाळेत गणित शिकवतात, सगळे त्यांना मास्तरच म्हणतात), आणि मी. डॉक्टर म्हणून आणि बायको म्हणून अशी दुहेरी नेमणूक. कोणी काही म्हणण्याआधी प्रमुखपद मी घेऊन टाकले.

दिवसभर ठीक चालले. घाट चढताना घामाने निथळत होते, म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाने पाण्याची बाटली पुढे करत होते. गोड पावडरचे पाणी त्यांना नकोसे झाले, म्हणून साधेच देऊ लागले. संध्याकाळी ऊन उतरले, गारवा पडला, घाम थांबला. माझी बाटली मात्र थांबली नाही. कारण काय, तर दुसरे काही करता येत नव्हते. जवळचे माणूस समोर कष्टत असते तेव्हा हाताला काहीतरी काम हवे असते, आणि पाणी देणे हे बायकांचे जन्माचे काम.

मध्यरात्र उलटली, निपाणी मागे पडली. डोके दुखते म्हणाले. मळमळते म्हणाले. हातमोजा काढायला गेले तर बोटे सुजलेली, अंगठी रुतून बसलेली. विचारलेल्याचे उत्तर उशिरा, तेही भलतेच. मी म्हटले, झोप आली आहे, दुसरे काही नाही. तेव्हा मास्तर वही पुढे करून म्हणाले, “वहिनी, सात तासांत हे एकदाही लघवीला गेलेले नाहीत. आणि पाणी पाच लिटरच्या वर गेले आहे. हिशेब जमत नाही.”

वाचकहो, हा हिशेब मला आधी दिसायला हवा होता. दीर्घ श्रमात शरीर लघवी रोखून धरणारे एक संप्रेरक जास्त सोडते. अशा वेळी तहानेपेक्षा जास्त पाणी प्यायले, तर ते बाहेर पडत नाही, रक्तातले सोडियम पातळ होते आणि मेंदूला सूज येऊ लागते. डोकेदुखी, उलटी, भ्रम, पुढे झटके, असा क्रम. जीवही जातो. माझ्या दवाखान्यात कोणी ही लक्षणे सांगितली असती तर मिनिटभरात ओळखली असती. पण मी तेव्हा डॉक्टर नव्हतेच. दोन वर्षे पहाटे चारला उठून ज्याचा डबा भरला त्याची बायको होते, आणि मास्तर “बास” म्हणाले तेव्हा, सांगायला लाज वाटते, मी म्हटले, “अजून अर्धा तास बघू या.”

मास्तरांनी ऐकले नाही. भाच्याला गाडी पुढे घालायला लावून सायकल अडवली. बेळगावला रुग्णालयात पोहोचेपर्यंत हे मला नावाने ओळखत नव्हते. सोडियम निघाले १२४, जे १३५ ते १४५ असायला हवे. दोन दिवसांत बरे झाले. नंतर महिनाभर हे मास्तरांशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलत होते. माझा मुद्दा हाच आहे.

थांबवण्याचा अधिकार नवऱ्याच्या किंवा बायकोच्या हाती नसावा. लोक म्हणतात, घरचे माणूस घाबरून लवकर थांबवील. माझा अनुभव उलटा आहे. घरच्या माणसाला त्या स्वप्नाची किंमत पै-पैने माहीत असते, म्हणून तेच जास्त वेळ गप्प बसते. आणि थांबवलेच तर तो राग घरात येऊन मुक्काम करतो. मित्रावरचा राग महिनाभरात उतरतो. सायकलवर बसलेल्याला तर विचारूच नये. स्लोव्हेनियाचा युरे रोबिच अमेरिकेची ती शर्यत पाच वेळा जिंकला. झोपेविना त्याचे मन ताळ्यावर राहत नसे, म्हणून शर्यत चालू असताना निर्णय त्याचे साथीदार घेत, तो नव्हे. तेव्हा निघण्यापूर्वी, चहा पिताना, चौघांसमोर ठरवा: अमुक माणसाने थांब म्हटले की थांबायचे, वाद नाही. कागदावर लिहून सही घेतली तर उत्तम. २०२२ साली हे पुन्हा उतरले तेव्हा तो कागद मास्तरांच्या खिशात होता. मला लागले नाही, ह्यांनाही लागले नाही, गोवा गाठले.

दुसरे, गाडी चालवणारे दोघे हवेत, आणि एक चालवत असताना दुसऱ्याने खरोखर झोपायचे, गप्पा मारायच्या नाहीत. सायकलस्वाराच्या झोपेची सगळे काळजी करतात. त्याच्या पाठीमागे दहा-वीस हातांवर पेंगणारा ड्रायव्हर असतो, त्याची कोणी करत नाही. तुम्हीही पाळीने झोपा. मी दुसऱ्या खेपेला मागच्या सीटवर चार तास झोपले, तर नातेवाईकांना ते फार लागले. लागू दे.

आता यादी. मीठ-साखरेची पाकिटे, पण तेही पाणी तहानेपुरतेच, अति प्यायले तर तोच घोटाळा. खारे शेंगदाणे, उकडलेले बटाटे, मिठाचा भात. बैठकीच्या जागी लावायला व्हॅसलीन. तापासाठी पॅरासिटामॉल. अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या मात्र नेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो आणि सोडियमचा धोका वाढतो. वाटेत कोणी “एक ग्लुकोजची बाटली लावून टाका” म्हणाले तर रक्त तपासल्याशिवाय लावू देऊ नका, कारण सोडियम उतरलेले असताना ते पाणीच घातल्यासारखे होते. एक वही. एक साधा वजनकाटा: निघताना वजन लिहून ठेवा, आणि वाटेत ते घटण्याऐवजी वाढलेले दिसले तर पाणी बंद.

आणि अंगठी घरीच काढून ठेवायला सांगा. आमची कापावी लागली.